रसायनांची सुरक्षा-माहिती वाचायला कशी शिकवावी: आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला टीटीसी औद्योगिक क्षेत्र आहे आणि दुसऱ्या अंगाला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे अशा वसाहती व त्यांतल्या शाळा आहेत. इथल्या विद्यार्थ्याच्या नजरेस रसायनांविषयीची सूचना रोज कुठे ना कुठे पडते. ती टँकरच्या पाठीवर असते, मोरीतल्या बाटलीवर असते, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातही असते. पण ती वाचली मात्र जात नाही. आपल्याकडे हा भाग बहुधा एका तक्त्यावर उरकला जातो. धोक्याची चिन्हे भिंतीवर लावायची, त्यांची नावे पाठ करून घ्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, अशी रीत पडली आहे. सगळी चिन्हे घडाघडा सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ‘हे हातावर सांडले तर आधी काय कराल, आणि ते या कागदावर कुठे लिहिले आहे?’ असे विचारले, की तो गप्प होतो. म्हणून पुढे सुचवलेल्या सगळ्या पायऱ्यांत क्रम उलटा ठेवला आहे: आधी प्रश्न द्यावा आणि मग कागद. साधारण सहा-सात तासिकांत हे बसते. वेळ कमी असेल तर चिन्हांची तासिका आखडती घ्यावी, पण संहतीची, म्हणजे द्रावणात पदार्थ किती आहे हे पाहण्याची, तासिका गाळू नये.

तयारी

विद्यार्थ्यांना घरातल्या रसायनांच्या बाटल्या शाळेत आणायला कधीही सांगू नये. रिकामी बाटलीही नको, कारण धुतलेली बाटली खरोखरच धुतलेली असते असे नाही. पालकांच्या मोबाइलवर लेबलाच्या पुढच्या व मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र काढून पाठवायला सांगावे. शौचालय साफ करण्याचे द्रव, कपड्यांचे ब्लीच, फिनेल, डास पळवणाऱ्या यंत्राचे रिफिल, डिओडरंट, थिनर, सॅनिटायझर आणि सोसायटीच्या माळीकाकांकडचे कीटकनाशक एवढ्यांची छायाचित्रे जमली तरी पुष्कळ झाले. लाद्या घासायला म्हणून पाण्याच्या जुन्या बाटलीतून ‘ॲसिड’ आजही काही घरांत येते. त्या बाटलीचे छायाचित्र तर आवर्जून मागवावे. तिच्यावर काहीच लिहिलेले नसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘मिनरल वॉटर’ असे लिहिलेले असते, आणि कोरे किंवा खोटे लेबल म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने इतके पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, खरेदीदाराचे ओळखपत्र आणि विक्रीची नोंद सक्तीची केली, हे इथेच सांगून ठेवावे.

शाळेच्या बाजूने प्रयोगशाळा परिचरांच्या मदतीने चार पदार्थांची सुरक्षा माहिती पत्रके, म्हणजे रसायनाचे धोके, प्रथमोपचार व हाताळणी सांगणारे उत्पादकाचे कागद, जमवावीत: हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, इथेनॉल आणि कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूद. ही पत्रके उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतात, पुरवठादाराकडे मागितली तरी मिळतात. घातक रसायनांसाठी असे पत्रक तयार ठेवण्याची तरतूद भारतात १९८९ च्या घातक रसायने उत्पादन, साठवण व आयात नियमांतच आहे, तेव्हा ते मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र पत्रक आपल्या कपाटातल्या बाटलीचेच आहे ना, हे छापण्यापूर्वी तपासावे. नाव तेच आणि संहती वेगळी, असे पत्रक वर्गात नेले तर शिकवलेले सगळेच चुकीच्या जागी जाते.

चिन्हे: नऊही एकदम नकोत

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेली आणि २००३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली, रसायनांच्या वर्गीकरणाची व लेबलांची जागतिक सुसंगत पद्धत, जिला जीएचएस म्हणतात, तिच्यात लाल कडेच्या चौकटीत काळ्या रंगाची नऊ चिन्हे आहेत. पहिल्या तासिकेला त्यांपैकी पाचच घ्यावीत: ज्वाला, क्षरण, कवटी, उद्गारचिन्ह आणि छातीवर चांदणीसारखा तडा असलेली मानवाकृती. नावे न सांगता चिन्हांच्या चिठ्ठ्या गटांना द्याव्यात आणि त्यांचे दोन ढीग करायला सांगावे: ‘आत्ता लगेच इजा करणारे’ आणि ‘पुष्कळ काळाने, हळूहळू इजा करणारे’. बहुतेक गट मानवाकृतीचा अर्थ हृदयविकार असा लावतात. वास्तविक कर्करोग, प्रजननावरील परिणाम, श्वसनमार्गाची ॲलर्जी आणि अवयवांवर दीर्घकाळाने होणारे परिणाम प्रामुख्याने या चिन्हात येतात. कवटी मात्र थोड्या मात्रेत, थोड्या वेळात होणाऱ्या विषबाधेची आहे. हा फरक कळला की पहिली तासिका सार्थकी लागली असे समजावे.

दुसरी गफलत ज्वाला आणि वर्तुळावरची ज्वाला या जोडीत होते. पहिले चिन्ह स्वतः पेट घेणाऱ्या पदार्थाचे आहे. दुसरे दुसऱ्याला जळायला मदत करणाऱ्या, म्हणजे ऑक्सिडीकारक पदार्थाचे आहे. पोटॅशियम परमँगनेट हे त्याचे कपाटातलेच उदाहरण. ही जोडी ज्वलनाच्या धड्याच्या वेळी घ्यावी, तिच्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही. उरलेली तीन चिन्हे पुढे ओघात येतात.

घरातल्या छायाचित्रांवर ही चिन्हे क्वचितच दिसतील आणि मुले तसे लगेच सांगतील. तेव्हा कीटकनाशकाचे लेबल काढावे. त्यावर जीएचएसहून जुनी, १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली पद्धत दिसते: चौकोनातला रंगीत त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी, आणि मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. इथे एक अडचण आहे, ती झाकू नये. जीएचएसमध्ये ‘डेंजर’ हा वरच्या दर्जाचा शब्द आहे आणि ‘वॉर्निंग’ खालच्या दर्जाचा. कीटकनाशकाच्या लेबलावर मात्र लाल व पिवळ्या त्रिकोणासोबत ‘पॉयझन’ येते आणि ‘डेंजर’ तिसऱ्या, म्हणजे निळ्या पायरीवर येते. एकच शब्द दोन पद्धतींत दोन जागी बसतो. म्हणून शब्द वाचण्याआधी लेबल कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखायचे, ही सवय आठवीपासूनच लावावी.

वाक्ये: एकच वाक्य, पण नीट

चिन्ह धोक्याची जात सांगते. काय होईल आणि काय करायचे, हे वाक्ये सांगतात. एच या अक्षराने सुरू होणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची वाक्ये धोका सांगतात: २०० च्या घरातले क्रमांक आग-स्फोटासारख्या भौतिक धोक्यांचे, ३०० चे आरोग्याचे, ४०० चे पर्यावरणाचे. पी ने सुरू होणारी वाक्ये काळजी सांगतात, आणि त्यांत २०० म्हणजे आधीची खबरदारी, ३०० म्हणजे घडल्यावर करायची कृती, ४०० म्हणजे साठवण आणि ५०० म्हणजे विल्हेवाट. क्रमांक पाठ करायला लावू नयेत. ‘सांडल्यावर काय’ या प्रश्नाचे उत्तर पी ३०० च्या घरात शोधायचे, एवढे कळले तरी पुरे.

मराठी माध्यमाच्या वर्गात खरी अडचण इंग्रजीची असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून शिक्षकाने सगळे भाषांतर करून देणे मला पटत नाही. त्याऐवजी एकच वाक्य घ्यावे आणि गटांना ते घरातल्या धाकट्या भावंडाला सांगता येईल अशा मराठीत लिहायला सांगावे. पी ३०५, ३५१ आणि ३३८ हे जोडवाक्य यासाठी उत्तम आहे. त्याचा पूर्ण आशय असा: डोळ्यांत गेल्यास काही मिनिटे पाण्याने सावकाश धुवावे, कॉन्टॅक्ट लेन्स असतील व सहज निघत असतील तर काढाव्यात, धुणे चालू ठेवावे. पहिल्या फेरीत बहुतेक गट ‘डोळ्यांत गेले तर डोळे धुवा’ एवढेच लिहितात. मग फळ्यावर मूळ वाक्य आणि त्यांचे वाक्य शेजारी शेजारी मांडून काय गळले ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. ‘काही मिनिटे’ गळले म्हणजे मूल दोन चुळकांत थांबेल. ‘सहज निघत असतील तर’ गळले म्हणजे कोणीतरी भाजलेल्या डोळ्यातली लेन्स ओढून काढेल. ‘चालू ठेवावे’ गळले म्हणजे लेन्स काढल्यावर काम संपले असे वाटेल. अर्ध्या तासात वर्गाला उमगते की या वाक्यांत भरतीचा शब्द नसतो. आम्ल वा आम्लारी डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि मग डॉक्टरांकडे न्यावे, हे शिक्षकाने इथे जोडावे.

धोक्याच्या वाक्यांत ‘होते’ आणि ‘होऊ शकते’ यांतला फरकही दाखवावा. एच ३१५ म्हणते की त्वचेचा दाह होतो. एच ३३५ म्हणते की श्वसनमार्गाचा दाह होऊ शकतो. मुले दुसऱ्या प्रकारचे वाक्य सौम्य समजतात. पण एच ३५० हे कर्करोगाविषयीचे वाक्यही ‘होऊ शकतो’ याच रूपात असते, हे पाहिल्यावर तो समज टिकत नाही.

संहती: या तासिकेला घाई नको

सगळ्या घटकाचा कणा ही तासिका आहे. फळ्यावर दोन द्रावणे लिहावीत: १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. यांतले अधिक धोकादायक कोणते, असे विचारून हात वर करायला सांगावे. जवळपास सगळा वर्ग आम्लाच्या बाजूने हात वर करतो, कारण ॲसिड या शब्दाची भीती घराघरांत आहे आणि कॉस्टिक सोड्याची, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइडची, तो साबणाच्या पंगतीतला वाटत असल्यामुळे, तशी नाही.

मग हिशेब करून घ्यावा. हायड्रोक्लोरिक आम्लाचे रेणुवस्तुमान ३६.५ आहे, म्हणजे १ मोलर द्रावणात एका लिटरला ३६.५ ग्रॅम, साधारण ३.६ टक्के. सोडियम हायड्रॉक्साइडचे ४० आहे, म्हणजे साधारण ४ टक्के. आता युरोपातील वर्गीकरणाच्या मर्यादा द्याव्यात. हायड्रोक्लोरिक आम्ल २५ टक्के किंवा अधिक असेल तर ते एच ३१४ मध्ये, म्हणजे त्वचा जाळणाऱ्या व डोळ्यांना गंभीर इजा करणाऱ्या पदार्थांत मोडते; १० ते २५ टक्क्यांत ते दाहक ठरते; १० टक्क्यांखाली त्वचा व डोळ्यांसाठीचे हे शिक्के त्याला लागत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र २ टक्क्यांपासूनच एच ३१४ मध्ये जाते आणि ०.५ ते २ टक्क्यांतही दाहक राहते. म्हणजे ज्या द्रावणाला कोणी हात दाखवला नाही त्याच्या बाटलीवर क्षरणाचे चिन्ह लागेल आणि आम्लाच्या बाटलीवर त्वचा-डोळ्यांच्या धोक्यासाठी ते लागणार नाही. गणित मुलांनीच केलेले असल्याने त्यावर वाद होत नाही.

इथे दोन गोष्टी लगेच सांगाव्या लागतात. चिन्ह लागले नाही म्हणजे चष्मा नको, असा अर्थ मुळीच नाही. परीक्षानळीत ढवळताना उडालेला थेंब डोळ्यांत गेला तर विरल आम्लही झोंबते. दुसरे असे की ज्या बाटलीतून विरल द्रावण तयार होते ते संहत आम्ल साधारण ३७ टक्क्यांचे असते, आणि ते काम विद्यार्थ्यांचे नाही. धोका पदार्थात असतो, पण जोखीम किती हे संहती, मात्रा आणि हाताळण्याची रीत मिळून ठरवतात, ही गोष्ट या हिशेबानंतर व्याख्या न देताही समजते. याच तासिकेत शौचालयाच्या द्रवाचे छायाचित्र पुन्हा दाखवून आम्लाचे प्रमाण कुठे छापले आहे ते शोधायला लावावे. ते बहुधा मागच्या बाजूला, सर्वांत बारीक अक्षरांत असते.

सुरक्षा माहिती पत्रक: सोळा विभाग, सहा प्रश्न

पत्रकाचे सोळा विभाग ठरलेल्या क्रमाने येतात, हीच त्याची मोठी सोय आहे. कोणत्याही देशातल्या कंपनीचे पत्रक असले तरी प्रथमोपचार चौथ्या विभागातच असतो. माध्यमिक वर्गासाठी सहा विभाग पुरतात: दुसरा धोक्याची ओळख, तिसरा घटक व प्रमाण, चौथा प्रथमोपचार, आठवा संरक्षक साधने, नववा भौतिक व रासायनिक गुणधर्म आणि दहावा स्थिरता व अभिक्रियाशीलता. गटाला आधी प्रश्नाची चिठ्ठी द्यावी, पत्रक दोन मिनिटांनी द्यावे, आणि उत्तरासोबत विभागाचा क्रमांक मागावा.

इथेनॉलच्या पत्रकासाठी प्रश्न असा असावा: ‘मे महिन्यात ठाण्याच्या प्रयोगशाळेत, पंखा बंद असताना, उघड्या चंचुपात्रातल्या इथेनॉलजवळ स्पिरिटचा दिवा पेटवावा का?’ उत्तर नवव्या विभागात आहे. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे त्या तापमानालाच द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमू लागते. ठाण्यात डिसेंबरच्या पहाटेही वर्गखोलीचे तापमान सहसा याच्या वरच असते. म्हणून इथे उघडे इथेनॉल वर्षभर पेटण्याच्या तयारीत असते, आणि ‘थंडीत चालेल’ ही पळवाट आपल्या हवेत उरत नाही. पत्रकातला एक कोरडा आकडा आपल्या गावाच्या हवेशी ताडून पाहणे मुलांना या प्रश्नाने जमते.

पत्रक वाचताना दोन फसवे प्रसंग मुद्दाम घडवून आणावेत. साध्या मिठाचे पत्रक दिले, तर त्यातही चष्मा, हातमोजे आणि डोळे धुण्याच्या सूचना आढळू शकतात. मग ‘मीठही घातक आहे का?’ असा प्रश्न येतोच, आणि पत्रके कारखान्यात पोत्यांनी माल हाताळणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात, हे त्यावरून सांगता येते. दुसरा प्रसंग ‘माहिती उपलब्ध नाही’ या शेऱ्याचा. विद्यार्थी तो ‘धोका नाही’ असा वाचतात. त्याचा अर्थ तपासलेले नाही किंवा नोंद नाही एवढाच असतो.

नावापेक्षा कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला स्वतंत्र नोंदणी क्रमांक, अधिक भरवशाचा, हेही मोरचुदाच्या पत्रकावरून दाखवावे. निर्जल कॉपर सल्फेटचा क्रमांक ७७५८-९८-७ आहे आणि निळ्या, पाच पाण्याच्या रेणूंच्या स्फटिकांचा ७७५८-९९-८. दहावीच्या चुणचुणीत मुलांना शेवटचा अंक कसा येतो तेही सांगावे: पाण्याच्या ७७३२-१८-५ या क्रमांकात शेवटचा अंक सोडून उजवीकडून १, २, ३ असे गुणत गेल्यास बेरीज १०५ येते, आणि तिच्या एकम स्थानचा ५ हाच तो अंक. छापताना चुकलेला क्रमांक बहुधा यामुळे पकडता येतो.

टँकरची पाटी: रस्त्यावर न जाता

हा भाग छायाचित्रांवरूनच शिकवावा. मुलांना वहीपेन घेऊन हमरस्त्यावर उभे करू नये. टँकरच्या आपत्कालीन माहितीच्या पाटीवर रसायनाचे नाव, चार अंकी यूएन क्रमांक (घातक मालाची ओळख सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक), धोक्याच्या वर्गाचे चौकोनी चिन्ह आणि दूरध्वनी क्रमांक असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १७८९ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १८३० सल्फ्युरिक आम्ल एवढे सहा क्रमांक पुरे. चौकोनाच्या खालच्या टोकाशी वर्गाचा अंक असतो: २ वायू, ३ ज्वलनशील द्रव, ८ क्षरणकारक.

त्यानंतर नववीतल्या रेणुवस्तुमानाचा उपयोग करावा. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान साधारण २९, क्लोरीनचे ७१, अमोनियाचे १७. क्लोरीन जमिनीलगत व सखल भागात साचतो, म्हणून वरच्या मजल्यावर जाणे बरे. अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, परंतु टाकीतून गळणारा थंड अमोनिया दमट हवेत धुक्यासारखा खालीही रेंगाळू शकतो. इथे आकडा दिशा दाखवतो, शेवटचा निर्णय देत नाही. पावसाळ्यातल्या नवी मुंबईच्या दमट हवेत हे लक्षात ठेवावे. शाळेच्या नकाशावर जवळची औद्योगिक हद्द आणि वाऱ्याची नेहमीची दिशा काढून घ्यावी. गळती झाल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, खोलीत असाल तर दारे-खिडक्या व पंखे बंद करावेत आणि १०१ किंवा ११२ ला कळवावे. पाटी वाचण्यासाठी टँकरजवळ जाऊ नये, हे दोनदा सांगावे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या, याची आठवण ठाणे जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत आहे. स्फोटाचा आवाज ऐकून खिडकीशी धावू नये, हे त्यावरून पटवता येते.

आपल्या बाटलीचे लेबल आपण लिहावे

वाचणे पक्के होते ते लिहिताना. प्रयोगशाळेतल्या विरल द्रावणांची लेबले विद्यार्थ्यांच्या गटांनी तयार करावीत आणि शिक्षकांनी तपासूनच ती चिकटवावीत. मराठी नाव, रासायनिक सूत्र, संहती, तयार केल्याची तारीख, धोक्याचे एक वाक्य आणि सांडल्यास करायची एक कृती एवढे त्यावर असावे. ‘विरल आम्ल’ एवढ्यावर लेबल थांबले तर ते परत करावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये कागदी लेबले सुटतात आणि जेल पेनची शाई ओघळते, शिवाय आम्लाच्या वाफांनी अक्षरे उडतात. म्हणून पेन्सिलीने किंवा पक्क्या मार्करने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण फिरवावी. पावसाळा संपल्यावर कपाटातली सगळी लेबले एकदा वाचून काढण्याचे काम नववीच्या एका गटाकडे कायमचे सोपवावे. अर्थात बाटल्या परिचरच हाताळतील.

तपासणी

लेखी चाचणी पत्रक समोर ठेवूनच घ्यावी. दोन पत्रके द्यावीत: आम्लयुक्त शौचालय-द्रवाचे आणि सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचचे. प्रश्न एकच: ‘ही दोन एकत्र वापरावीत का? दोन्ही पत्रकांतल्या नेमक्या ओळी दाखवा.’ उत्तर दोन्हीकडच्या दहाव्या विभागात असते. ब्लीचच्या पत्रकात आम्लाशी संपर्क टाळण्याचा इशारा असतो आणि त्यातून क्लोरीन वायू सुटतो असे नमूद असते. हा प्रयोग करून दाखवण्याचा मोह शिक्षकाने थेंबभरसुद्धा करू नये. उत्तराला एक गुण, विभाग दाखवण्याला दोन आणि ती ओळ स्वतःच्या मराठीत, काहीही न गाळता लिहिण्याला दोन, अशी वाटणी करावी. त्याच कागदावर, ज्याचे उत्तर पत्रकात मुळीच नाही असा एक प्रश्नही घालावा, उदाहरणार्थ बाटलीची किंमत किंवा शाळेच्या मोरीच्या पाइपावर होणारा परिणाम. ‘पत्रकात दिलेले नाही’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत आणि अंदाजाने लिहिणाऱ्याला शून्य.